झुकतं माप

हिला सरळ जाता येत नाही.
म्हणजे जाते, पण लांब बाजूभर
स्टिअरिंग उजवीकडे ओढून धरावं लागतं,
आडमुठ्या खोंडाचा कासरा धरावा तसं.
सैल सोडलं की वळलीच डावीकडे.
बिघडलेली नाही. तशी केलीय.
मी केलीय.

उम्म अल कुवैन, खाडीच्या मागच्या अंगाला पत्र्याची शेड.
दुपारी पान्याला हात लावला तर फोड येतो.
पिंजऱ्याचे बावन्न जोड मी आर्गॉनखाली घातले,
एकही पुन्हा घासायला लागला नाही.
पण उद्यमनगरात वीस वर्षं गुण्याखाली गेलेली,
केसभर फरक दिसला की मिस्त्रीचा हात कानाखाली,
आणि इथे ओळंबा सोडला तर
एक चाक खरं बोलत नाही.
पुढची दोन्ही डावीकडे कललेली,
मागचं उजवं घेरात दोन इंच थोरलं,
दोघांत एकच आखडू दांडा.

म्हटलं, ही तर मळणीची पात.
तिवड्याशी म्हातारा बैल, कडेला तरणा,
दावं एकच,
कडेच्याला वाट जास्त.
खलफानला हे कसं सांगावं?
फरशीवर खडूनं बैल काढले.
त्यानं बराच वेळ बघितलं.
उंट का, म्हणाला.

पहिल्या रात्री मला ती उलटी फेरी बघवेना.
गुलरेजला म्हणालो, आम्ही देव उजव्या हाताला ठेवून फिरतो,
ही सगळी डाव्या हाताला मधलं ठेवून चाललीत.
तो टायरला टेप गुंडाळत होता, टोक दातात.
आम्ही डावीकडेच ठेवतो, म्हणाला.
काळीज त्या बाजूला आहे ना.
एकदाच गेला होता, बसनं, दोन दिवस लागले.
मग आकडा सांगितला. सत्याऐंशी.

चार चाकांखाली चार काटे.
शंभरातले अठ्ठावन्न डावीकडे पाहिजेत,
म्हणून इंजिन डावीकडे, टाकी डावीकडे, सीटही.
आमच्या घरी झुकतं माप थोरल्याला होतं.
ते इथे काढायचं कारण नाही.

वजन चालकासकट धरायचं असतं.
सुहैल, खलफानचा पोरगा, बहात्तर किलो,
आणि कायम परीक्षेला बसलेला.
मीही बहात्तर.
म्हणून हेल्मेट घालून आत मी.
हलू नको. हात चाकावर.
श्वास बेतानं.
दहा फूटसुद्धा चालवली नाही कधी,
पण थांबलेल्या गाडीत
माझ्याइतकं कुणी बसलेलं नाही.

मार्चमध्ये ती वळेनाशी झाली.
कोपऱ्यात नाक बाहेर, भिंतीकडे.
सुहैल उतरला तो हातमोजे आपटत.
स्प्रिंग बदलली, हवा कमी केली, पुन्हा भरली,
रात्रीचे दोन वाजले.
गुलरेज गाडीकडे बघायचा थांबला
आणि माझ्याकडे बघायला लागला.
ये, म्हणाला, या काट्यावर उभा राहा.

अडुसष्ट.

घरून फोन आला त्याला महिना झाला होता.
कुणाला बोललो नव्हतो.
जेवलास का, तर जेवलो.
पट्ट्याला एक भोक वाढवलं होतं, खिळ्यानं.
बहात्तर समजून अडुसष्टावर तोललेली गाडी,
तिच्यात खरा बहात्तरचा बसला की
मागच्या डाव्यावर भार चढणार,
नाक बाहेर जाणारच.
गाडीनं खोटं बोलायला ती काय माणूस आहे?

खलफान काही बोलला नाही.
सकाळी खजुराचा डबा आणला, चार किलोचा,
सीटमध्ये माझ्या मांडीवर ठेवला
आणि आकडे वाचायला गेला.
तिकडूनच म्हणाला,
खा हळूहळू.
मांडीवर असो नाहीतर पोटात,
काट्याला सारखंच.

हेल्मेटची काच वर करून
मी पहिला खजूर तोंडात टाकला.
समोर शटर अर्धं उघडं, बाहेर पांढरं ऊन,
हात आपोआप उजवीकडे ओढलेले.
बी थुंकणार होतो.
गुलरेज ओरडला, खिशात, खिशात.
तीपण धरलीय.